क्रिएशनल पॅटर्न शिकताना सिंगलटन सगळ्यात शेवटी घ्या

बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाला मी डिझाइन पॅटर्न, म्हणजे कोडमधल्या नेहमीच्या अडचणींवरच्या ठरलेल्या रचना, पाठ केले होते. एकूण २३, त्यातले क्रिएशनल, म्हणजे ऑब्जेक्ट कसे बनवायचे याचे, पाच: फॅक्टरी मेथड, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट फॅक्टरी, बिल्डर, प्रोटोटाइप, सिंगलटन. गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडिस या चौघांनी १९९४ साली केलेली ही यादी. मार्क चांगले पडले. मग अंधेरीला एमआयडीसीत नोकरी लागली. रोज घाटकोपरला उतरून मेट्रो धरायची आणि दिवसभर दुसऱ्यांचा कोड वाचायचा. पहिले सहा महिने त्या कोडमध्ये मला एकही पॅटर्न ओळखता आला नाही. व्याख्या येत होत्या, पण त्या कोणत्या दुखण्यावरचं औषध आहेत हे ठाऊक नव्हतं.

आमचं काम हाउसिंग सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलांचं, भाषा जावा. बिलाच्या कन्स्ट्रक्टरला, म्हणजे बिलाचा ऑब्जेक्ट बनवणाऱ्या कोडला, अकरा पॅरामीटर होते: सर्व्हिस चार्ज, सिंकिंग फंड, रिपेअर फंड, पाणीपट्टी, पार्किंग वगैरे, बहुतेक सगळे नुसते आकडे. एकदा मी पाणी आणि पार्किंगची अदलाबदल केली. दोन्ही आकडेच, त्यामुळे कंपायलरने काही म्हटलं नाही. बेरीजही बरोबर येत होती, म्हणून टेस्टिंगमधूनही ते सुटलं. मुलुंडच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला तेव्हा कळलं, की गाडी नसलेल्या घरांना पार्किंग लागलंय आणि पाण्याच्या रकान्यात शून्य आहे.

त्या आठवड्यात बिल्डर मला खऱ्या अर्थाने समजला. प्रत्येक रक्कम तिच्या नावाच्या मेथडने द्यायची आणि शेवटी बिल्ड म्हणायचं. नावं दिसतात हा फायदा उघड आहे, पण मला त्याहून मोलाची वाटते ती शेवटची पायरी. सगळे भाग जमल्यावर ते एकमेकांशी जुळतात का, हे तपासायला तिथे एकच ठरलेली जागा मिळते. महाराष्ट्रात भाड्याने दिलेल्या फ्लॅटला नॉन-ऑक्युपन्सी चार्ज सर्व्हिस चार्जच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. ही तपासणी आम्ही बिल्डमध्ये घातली. चुकीचं बिल आता ऑब्जेक्ट म्हणून जन्मालाच येत नाही, आणि एकदा तयार झालेलं बिल नंतर कुणाला बदलता येत नाही. पायथॉनमध्ये काम करणार असाल तर पॅरामीटर नावानिशी देता येतात, त्यामुळे बिल्डरची गरज बरीच कमी होते. पॅटर्नची गरज भाषेप्रमाणे बदलते, हे कॉलेजात मला कुणी सांगितलं नव्हतं.

फॅक्टरीबद्दल नवीन मुलांचा हमखास एक घोटाळा होतो. स्विच लिहिलेली एक स्टॅटिक मेथड दाखवतात आणि तिला फॅक्टरी मेथड म्हणतात. ती उपयोगी आहे, मीही लिहिते, पण २३ मधला पॅटर्न तो नाही. खऱ्या फॅक्टरी मेथडमध्ये कोणता ऑब्जेक्ट बनवायचा हे सबक्लास ठरवतो. जावातली इटरेटर ही मेथड बघा, ती संग्रहातल्या गोष्टी एकेक करून देणारा ऑब्जेक्ट परत करते. अ‍ॅरेलिस्ट स्वतःचा इटरेटर देते, हॅशसेट स्वतःचा, आणि वापरणाऱ्याला आतला क्लास कुठला हे माहीत असावं लागत नाही. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट फॅक्टरी म्हणजे एकमेकांना शोभणाऱ्या ऑब्जेक्टांचा अख्खा संच एकाच ठिकाणाहून घेणं. आमच्याकडे बिल, पावती आणि नोटीस तिन्ही एक तर मराठीत किंवा इंग्रजीत निघावीत, मराठी बिलाला इंग्रजी पावती जोडली जाऊ नये, एवढ्यासाठी ती आली.

प्रोटोटाइप, म्हणजे असलेल्या ऑब्जेक्टची नक्कल करून नवा बनवणं, सोपा वाटतो, आणि तिथेच फसायला होतं. मागच्या महिन्याच्या बिलाचा कच्चा मसुदा क्लोन करून आम्ही या महिन्याचा बनवायचो. जावाची मूळ क्लोन मेथड शॅलो, म्हणजे वरवरची, कॉपी करते. मसुदा नवा झाला, पण त्यातली खर्चाची यादी दोघांत एकच राहिली. ऑगस्टमध्ये लिफ्ट दुरुस्ती टाकली आणि ती जुलैच्या मसुद्यातही उमटली. क्लोन करण्याआधी आतली कोणती गोष्ट वेगळी हवी आणि कोणती सामायिक चालेल, हे कागदावर लिहून काढा.

आता सिंगलटन, म्हणजे एका क्लासचा एकच ऑब्जेक्ट आणि तोच सगळीकडे वापरायचा. सगळे आधी तोच शिकतात, कारण दहा ओळींत संपतो. आमच्या कोडमध्ये 'चालू सोसायटी' नावाचा एक सिंगलटन होता. माझ्या लॅपटॉपवर काही बिघडायचं नाही, कारण तिथे वापरणारी मी एकटीच. महिन्याच्या एक तारखेला दोन सोसायट्यांनी एकाच वेळी बिलं काढली आणि एकीच्या बिलांवर दुसरीचं नाव छापून आलं. आमच्या टीम लीडने मला एकच प्रश्न विचारला, "हे पूर्ण सर्व्हरमध्ये खरंच एकच आहे का?" नव्हतं. दर विनंतीमागे सोसायटी वेगळी होती. आम्ही तो क्लास काढून टाकला आणि सोसायटी कन्स्ट्रक्टरमधून द्यायला लागलो. टेस्ट लिहिणंही त्यामुळे सोपं झालं, आधी एका टेस्टचा उष्टा डेटा पुढच्या टेस्टला लागायचा.

मुलाखतीत मात्र सिंगलटन विचारतातच, तेव्हा थ्रेडचा, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांचा, भाग नीट करून जा. डबल-चेक्ड लॉकिंग (लॉक घेण्याआधी आणि घेतल्यावर अशी दोनदा तपासणी) लिहिलंत तर व्हेरिएबल व्होलटाइल (volatile) हवं, आणि तेही २००४ च्या जावा ५ पासूनच भरवशाचं झालं. एनममध्ये लिहिणं त्याहून सुटसुटीत. जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कमधला सिंगलटन वेगळा, हेही सांगा: तिथे दर कंटेनरमागे (ऑब्जेक्ट बनवून सांभाळणारा स्प्रिंगचा भाग) एका बीनचा एकच ऑब्जेक्ट असतो आणि ते बंधन क्लास स्वतःवर घालत नाही.

सरावासाठी नवीन प्रोजेक्ट काढत बसू नका. कॉलेजचं जुनं प्रोजेक्ट उघडा, लायब्ररीचं, हॉस्पिटलचं, जे असेल ते. त्यात ऑब्जेक्ट बनवणारा 'न्यू' (new) हा शब्द सर्च करा. प्रत्येक ठिकाणी थांबून विचारा: इथे कोणता क्लास लागेल हे उद्या बदलू शकतं का, आणि बदललं तर किती फायली उघडाव्या लागतील? बहुतेक ठिकाणी उत्तर एक येईल, तिथे 'न्यू' तसाच राहू द्या. जिथे चार-पाच येईल त्या जागा वहीत उतरवा आणि मग पाचांपैकी कोणता पॅटर्न तिथे लागू पडतो ते बघा. माझ्या लायब्ररीच्या प्रोजेक्टमध्ये अशा तीन जागा निघाल्या. दोन बिल्डरच्या होत्या, एक फॅक्टरीची.