पाचट न जाळता उसाच्या रानात कर्ब कसा साठवावा
बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी, अथणी, निपाणी भागात ऊस तुटल्यावर पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, पेटवले जाते आणि पिकाने हवेतून घेतलेला कर्ब (कार्बन) काही वेळातच पुन्हा हवेत जातो. त्याऐवजी पाचट सरीत दाबावे, बुडखे (तुटलेल्या उसाची जमिनीत राहिलेली खोडे) मोकळे करून जमिनीलगत छाटावेत आणि हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सिंगल सुपर फॉस्फेट व 10 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतून फुटणारे पुढचे पीक, ठेवायचा नसेल, तर हिरवळीच्या खतासाठी ताग पेरून फुलोऱ्यावर येताच गाडावा. कोवळा ताग मात्र लवकर कुजून जातो. टिकाऊ कर्बाची खरी भिस्त मुळांवर असते, कारण त्यांतून पाझरणाऱ्या शर्करेवर जिवाणू पोसतात आणि त्यांचे अवशेष काळ्या चिकणमातीच्या कणांना चिकटून राहतात. नांगरटीने ही साठवण विस्कटते, म्हणून ती, निदान माझ्या मते, गरजेपुरतीच करावी.