लॅपटॉप फॉरमॅट मारायच्या आधी (आणि तो ४८ आकड्यांचा कागद)

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून ओळखीतले निम्मे लोक फॉरमॅट मारतायत, आणि यात मी स्वतः सणसणीत तोंडावर आपटलोय म्हणून लिहितोय. ड्राइव्ह, केबल, चार्जर हे काय सांगायचं, घ्या.

आधी हे बघा की बॅकअपच्या एक्स्टर्नल ड्राइव्हला बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हला पासवर्डचं कुलूप) लावलंय का. असेल तर रिकव्हरी की, म्हणजे पासवर्ड विसरलात तर उघडायची ४८ आकड्यांची चावी, कागदावर उतरवा. सहा-सहाचे आठ गट, आणि वर तिचा आयडीपण लिहा, दोन ड्राइव्ह असले की नंतर कुठली कोणाची कळत नाही. मी शहाण्यासारखी फाइल करून डॉक्युमेंट्समध्ये ठेवली होती, आणि ऑटो अनलॉक (माझ्या लॅपटॉपला लावला की आपोआप उघडणं) चालू, म्हणजे वर्षभर पासवर्ड टाकायची वेळच आली नाही. फॉरमॅट मारला, ड्राइव्ह लावला, त्याने पासवर्ड विचारला, आणि मला काही केल्या आठवेना. चावीची फाइल लॅपटॉपबरोबर पुसली गेलेली आणि तिचा बॅकअप कुठे, तर त्याच बंद ड्राइव्हच्या आत. डेटा रिकव्हरीवाल्याने एका मिनिटात हात वर केले. पोरीच्या बारशाचे सगळे फोटो गेले. बायको अजून तो विषय काढते, काढणारच.

तर कागद. मोबाइलमध्ये फोटो काढलाय वगैरे ठीक आहे, पण कागद.

मग फाइल हिस्टरी, म्हणजे विंडोजचा आपोआप होणारा बॅकअप, उघडा (विंडोज ११ मध्ये कंट्रोल पॅनेलमध्ये लपलीय) आणि शेवटची कॉपी कधी झाली ती तारीख वाचा. चालू दिसतंय म्हणजे बॅकअप होतोय असं नसतं. ड्राइव्ह भरला की ते अडतं, आणि मूळ सेटिंगमध्ये जुनी व्हर्जन्स कायमची ठेवते त्यामुळे भरतोच. ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन जुनी उडवा. वनड्राइव्हच्या (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) ज्या फाइलींवर ढगाचं चिन्ह आहे त्या तुमच्या डिस्कवर नाहीतच, मग बॅकअपमध्ये कुठून येणार? राइट क्लिक करून डिव्हाइसवर कायम ठेवायला सांगा, मग कॉपी.

मोठा व्हिडिओ जात नसेल तर ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, त्यात ४ जीबीची किंवा त्याहून मोठी एक फाइल मावत नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस या पद्धतीने फॉरमॅट करा, पण त्यात ड्राइव्ह पुसला जातो हे वाचूनच ओके दाबा हं. मध्येच डिस्कनेक्ट होत असेल तर हब काढा, थेट पोर्टात लावा, केबल बदला. टकटक आवाज येत असेल तर चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करायची सोय) वगैरे खेळ करू नका, आधी महत्त्वाचं दुसरीकडे काढा.

आता ड्राइव्ह दुसऱ्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरला लावा. तिथे ऑटो अनलॉक नसतं, म्हणून पासवर्ड खरंच टाकावा लागतो, होम व्हर्जनवरपण उघडतं. मग एकदा कागदावरचे ४८ आकडे टाकूनही उघडा, सातचा एक वाचला जातोय का ते तेव्हाच कळतं. चार फोटो, एक एक्सेल उघडून बघा. नुसतं फोल्डर दिसलं म्हणून खूश होऊ नका.

बाकी ब्राउझरचे बुकमार्क, वायफायचा पासवर्ड, टॅली असेल तर त्याचा डेटा कुठल्या फोल्डरला आहे ते, प्रिंटरचं बघून घ्या. ड्राइव्ह सेफली रिमूव्ह करून काढा, फॉरमॅट चालू असताना लावलेला नको.

कागद कुठंय? लॅपटॉपच्या बॅगेत नको. कपाटात. हां, मारा आता.