माउंटन बाइकच्या डिस्क ब्रेकसाठी बोल्ट कसे निवडावेत: हलके की मजबूत?

येऊरचा चढ किंवा खारघरची टेकडी सायकलने चढणाऱ्यांमध्ये वजन कमी करण्याची हौस मोठी असते, आणि टायर, सीटपोस्ट, हँडल असे सगळे बदलून झाले की नजर शेवटी बोल्टकडे वळते. ऑनलाइन मिळणारे निळे-सोनेरी टायटॅनियमचे बोल्ट एकीकडे खुणावतात, तर ठाण्याच्या वागळे इस्टेटसारख्या औद्योगिक भागातल्या नट-बोल्टच्या दुकानांत 'हाय टेन्साइल' म्हणून विकला जाणारा काळा बोल्ट दुसरीकडे अतिशय स्वस्तात मिळतो. निवड ब्रेकसाठी करायची असल्यामुळे ती वजन आणि ताकद या दोनच निकषांवर करू नये. बोल्ट ज्या आट्यांत बसतो ते आटे आणि खाडीकाठची दमट, खारी हवा यांचा विचार आधी करावा लागतो.

प्रथम कोणते बोल्ट बदलायचे आहेत ते ओळखावे. सहा बोल्टांच्या पद्धतीत प्रत्येक चाकाची डिस्क हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, एम५ (५ मिमी व्यासाच्या) मापाच्या सहा बोल्टांनी बसवलेली असते. त्यांची लांबी बहुधा १० मिमी असते आणि त्यांना टी२५ मापाची स्टार की लागते. पुढचा व मागचा कॅलिपर, म्हणजे डिस्कला पॅडने चिमटणारा ब्रेकचा भाग, प्रत्येकी दोन बोल्टांनी बसतो. माउंटन बाइकवर ते बहुतेक एम६ असतात व ५ मिमीच्या ॲलन कीने फिरतात. सायकलला सेंटरलॉक हब असेल, तर डिस्क एकाच लॉकरिंगने (आटे असलेल्या कड्याने), सुमारे ४० न्यूटन-मीटरला आवळलेली असते, आणि मग प्रश्न फक्त कॅलिपरच्या चार बोल्टांचा उरतो.

दुसरी पायरी म्हणजे या बोल्टांवर किती जोर येतो याचा अंदाज घेणे. सायकल आणि स्वार मिळून ९० किलो वजन आहे आणि उतारावर पुढचा ब्रेक जोरात दाबला आहे असे समजू. गुरुत्वाकर्षणाच्या सहा दशांश इतक्या वेगमंदनासाठी टायरवर साधारण ५३० न्यूटन बल लागते, आणि २९ इंची चाकाच्या त्रिज्येवर त्याचे जवळजवळ २०० न्यूटन-मीटरचे पीळबल (टॉर्क) होते. डिस्कचे बोल्ट हबच्या मध्यापासून फक्त २२ मिमी अंतरावर असतात, त्यामुळे तेच पीळबल तिथे सुमारे ९,००० न्यूटन, म्हणजे प्रत्येक बोल्टामागे साधारण १,५०० न्यूटन होते. हा जोर बोल्टाने एकट्याने आडवा पेलावा अशी रचना नसते. ४ ते ५ न्यूटन-मीटरला आवळलेला एम५ बोल्ट डिस्कला हबवर चार-पाच हजार न्यूटनच्या ताणाने दाबून धरतो, आणि त्या दाबातून निर्माण होणारे घर्षण जोराचा मोठा हिस्सा घेते. बोल्ट सैल झाला की घर्षण संपते, डिस्क किंचित मागेपुढे सरकू लागते, आणि प्रत्येक ब्रेकगणिक बोल्टाला उलटसुलट झटके बसतात. असा बोल्ट थकव्याने, म्हणजे वारंवारच्या झटक्यांनी हळूहळू तडा वाढत जाऊन, तुटतो; एकाच दणक्यात तुटल्याची उदाहरणे त्या मानाने विरळ असतात.

ॲल्युमिनियमचा बोल्ट याच कारणाने बाद होतो. ७०७५ जातीच्या मिश्रधातूची ताकद कागदावर पुरेशी दिसते, आणि 'दीड हजार न्यूटन तर तो सहज पेलेल' असा हिशेबही मांडता येतो. मात्र ॲल्युमिनियमला पोलादासारखी थकव्याची सुरक्षित मर्यादा नसते, लांब उतारावर डिस्क तापली की उष्णतेने त्याची ताकद घटते, आणि तो पुरेसा आवळायला गेल्यास डोके पिळवटण्याचा धोका असतो. बाटलीच्या पिंजऱ्याला तो खुशाल लावावा. डिस्कला किंवा कॅलिपरला लावू नये. याबाबत मला तडजोडीला जागा दिसत नाही.

आता पोलाद. बोल्टाच्या डोक्यावरचे ८.८, १०.९, १२.९ हे आकडे वाचायला सोपे आहेत: पहिल्या आकड्याला १०० ने गुणले की तुटण्याची ताकद मेगापास्कलमध्ये मिळते, आणि दशांशानंतरचा आकडा त्या ताकदीच्या किती भागाला बोल्ट कायमचा ताणला जातो ते सांगतो. १०.९ म्हणजे १,००० मेगापास्कल आणि त्याचे नऊ दशांश, अर्थात ९००. मग सर्वांत मजबूत १२.९ का घेऊ नये? एक तर ब्रेकला त्या ताकदीची गरजच पडत नाही, कारण ॲल्युमिनियमचे आटे बोल्टाच्या कितीतरी आधी सोलून निघतात. बोल्ट मजबूत आहे म्हणून जादा आवळणाऱ्याच्या हातात हबचे आटेच येतात. दुसरे, १२.९ च्या बोल्टांवर बहुधा नुसता काळा लेप असतो, आणि वाशी-ऐरोलीकडच्या खाडीच्या हवेत, त्यातही जून ते सप्टेंबरच्या पावसात, तो लवकर गंजतो. गंज टाळण्यासाठी विजेने जस्ताचा मुलामा चढवावा, तर इतक्या कठीण पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होण्याचा धोका असतो आणि बोल्ट आवळून ठेवल्यानंतर काही तासांनी अचानक तुटू शकतो. म्हणून ब्रेकसाठी चकचकीत मुलाम्याचा १२.९ बोल्ट घेऊ नये.

स्टेनलेस स्टील आपल्या हवेला मानवते. ए२-७० या खुणेच्या बोल्टाची तुटण्याची ताकद ७०० मेगापास्कल असली, तरी तो ४५० च्या आसपास कायमचा ताणला जाऊ लागतो. एम६ बोल्ट ७ न्यूटन-मीटरला आवळला की त्यात साधारण ३०० मेगापास्कलचा ताण येतो, आणि आट्यांना ग्रीस असेल तर तो आणखी चढतो. कॅलिपरसाठी एवढी शिल्लक चालते, तरी शक्य असल्यास ए४-८० मागावा; तो खाऱ्या हवेत अधिक टिकतो आणि ६०० मेगापास्कलपर्यंत ताण सोसतो. डिस्कच्या बोल्टांसाठी मात्र ब्रेक कंपनीचेच बोल्ट घेणे मला इष्ट वाटते. हार्डवेअरच्या दुकानातल्या गोल डोक्याच्या एम५ बोल्टाला ३ मिमीच्या ॲलन कीची उथळ खाच असते आणि ती लवकर घासून गोल होते, तर उंच डोक्याचा ॲलन बोल्ट कॅलिपरला किंवा फ्रेमला घासू शकतो.

टायटॅनियमची बाजू ॲल्युमिनियमइतकी कच्ची नाही. ग्रेड ५ टायटॅनियमची ताकद ९०० मेगापास्कलच्या आसपास असते, घनता पोलादाच्या जेमतेम ५६ टक्के, आणि गंजाचा प्रश्नच नाही. तो पोलादापेक्षा जास्त लवचिक असल्याने त्याच जोराला थोडा अधिक ताणला जातो, पण ठरवलेल्या टॉर्कला बसवल्यास ब्रेकवर उत्तम चालतो. वजनाचा फायदा किती? डिस्कचा पोलादी बोल्ट सुमारे २ ग्रॅमचा आणि कॅलिपरचा सुमारे ६ ग्रॅमचा धरल्यास डिस्कचे बारा आणि कॅलिपरचे चार असे सगळे सोळा बोल्ट बदलून जवळपास २० ग्रॅम वाचतात, म्हणजे बाटलीतल्या एका घोटाइतके पाणी. केवळ वजनासाठी मी ते घेणार नाही. दर पावसाळ्यानंतर गंजलेले बोल्ट बदलण्याचा कंटाळा आला असेल, तर घेईन.

टायटॅनियम म्हणून जे मिळते ते खरोखर टायटॅनियमच आहे का, हे तपासणे सोपे आहे. चुंबक चिकटला तर ते पोलाद. चुंबक चिकटला नाही तर ते टायटॅनियम, ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस यांपैकी काहीही असू शकते, कारण रंगाचा मुलामा टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम दोन्हींवर चढतो. अशा वेळी त्याच मापाच्या पोलादी बोल्टासोबत तो सोनाराच्या काट्यावर तोलावा. पोलादी बोल्ट ६ ग्रॅम भरला, तर टायटॅनियमचा साडेतीनच्या आत-बाहेर आणि ॲल्युमिनियमचा दोनच्या जरा वर भरतो.

खरेदीपूर्वी आट्यांची खोली मोजावी. ॲल्युमिनियममध्ये बोल्ट आपल्या व्यासाच्या किमान दीडपट आत शिरायला हवा, म्हणजे एम६ साठी ९ मिमी आणि एम५ साठी साडेसात मिमी. मोठी डिस्क बसवताना कॅलिपरखाली अडॅप्टर (उंची वाढवणारा जोडतुकडा) आला असेल, तर जुना बोल्ट अपुरा पडतो. गरजेपेक्षा लांब बोल्टही धोक्याचा असतो, कारण तो भोकाच्या तळाला टेकतो, टॉर्क रेंच (ठरलेल्या टॉर्कला आवळण्याचा पाना) 'टक्' करून पूर्ण आवळल्याची ग्वाही देतो आणि कॅलिपर मात्र सैलच राहतो. पुढच्या कॅलिपरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बहुतेक सस्पेन्शन फोर्कचे खालचे पाय मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असतात, आणि मिठाच्या पाण्यात मॅग्नेशियमशी पोलाद किंवा टायटॅनियम लागून राहिले की मॅग्नेशियम झिजते. तिथे कोरडा बोल्ट कधीही लावू नये.

बसवताना जुने थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा आट्यांवरचा चिकट द्रव) आट्यांतून साफ करावे आणि मध्यम ताकदीचे निळे थ्रेडलॉकर लावावे. ते पाणीही आत जाऊ देत नाही. एकाच बोल्टाला ग्रीस आणि थ्रेडलॉकर दोन्ही लावू नयेत. पॅड आणि डिस्क यांच्यापासून दोन्ही दूर ठेवावेत. स्टार की खाचेत पूर्ण आत दाबून बसवावी. डिस्कचे सहा बोल्ट आधी हाताने टेकवून मग समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. शिमानो आपल्या सहा बोल्टांच्या डिस्कसाठी २ ते ४ न्यूटन-मीटर सांगते, तर स्रॅम ही दुसरी ब्रेक कंपनी ६.२; कॅलिपरसाठी शिमानोचा आकडा ६ ते ८ आहे. एवढा फरक असल्यामुळे आपल्या ब्रेकच्या माहितीपत्रकातलाच आकडा धरावा, आणि बोल्टाचा विक्रेता त्याहून कमी मर्यादा सांगत असेल तर तो बोल्ट घेऊ नये. कॅलिपरखाली वाटीसारखे वॉशर असतील, तर ते त्याच क्रमाने परत बसवावेत.

शेवटी प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून शेजारच्या भागापर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढावी आणि थ्रेडलॉकर पूर्ण सुकायला २४ तास द्यावेत. त्यानंतर दर फेरीपूर्वी रेघ सरळ आहे का, एवढे पाहिले तरी पुरते. सुकलेला बोल्ट उगाच पुन्हा आवळल्यास थ्रेडलॉकरची पकड मोडते. रेघ सरकलेली दिसली, तर तो बोल्ट काढून, आटे साफ करून, नवे थ्रेडलॉकर लावूनच बसवावा. बोल्ट आवळताना टॉर्क न येता तो नुसताच फिरत राहिला, तर आटे गेले असे समजून सायकल न चालवता हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची आटेदार गुंडाळी) बसवणाऱ्या वर्कशॉपमध्ये न्यावी.