मुलांची गाणी ऐकून डोकं उठतंय? मग या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी अशी वेळ आली होती की संध्याकाळी ब्लूटूथ स्पीकर चालू झाल्याचा नुसता आवाज आला तरी माझ्या कपाळावर आठ्या यायच्या, कारण पुढचा दीड तास काय वाजणार ते मला पाठ होतं. लेक तेव्हा साडेतीन वर्षांची, बाहेर धो धो पाऊस, खाली खेळायला सोडता येत नाही, आणि तिला तोच एक नॉनस्टॉप व्हिडिओ हवा. नवरा म्हणायचा अगं लहान मुलांची गाणी अशीच असतात, सहन करायची. मला ते पटेना, कारण माझ्या लहानपणी आईने टेपवर लावलेली बालगीतं मला आजही ऐकावीशी वाटतात आणि माझी आई तेव्हा ती कंटाळून नाही तर स्वतः गुणगुणत ऐकायची, पोळ्या लाटता लाटता. मग आताच असं काय झालं? बरेच महिने यावर डोकं लावलं, पुष्कळ गाणी ऐकली, आणि लक्षात आलं की लेकीचं काही चुकत नव्हतं, आम्ही निवडत चुकीचं होतो.

गाणं डोळ्यांनी निवडणं

सगळ्यात मोठी चूक हीच. आपण यूट्यूबवर 'मराठी बालगीते' टाकतो, ज्याच्या चित्रात मोठ्ठे डोळे आणि भडक रंग ते वर दिसतं, त्यात एक तासाचं नॉनस्टॉप मिळालं तर अजूनच बरं कारण कणकेच्या हाताने मधे उठायला नको. मूल चित्रावर खिळून बसतं, गाणं नुसतं मागे वाजत असतं. पण ओट्यापाशी पाठमोरं उभं असलेल्या आपल्याला चित्र कुठे दिसतंय, आपल्या वाट्याला ते मागचं तेवढं येतं. कीबोर्डचा एकच ठेका, मशीनने बारीक केलेला आवाज, दर गाण्याला जवळपास तीच चाल. डोकं उठणारच ना.

उपाय अगदी साधा आहे, फोन पालथा ठेवा. फक्त ऐकायचं. पहिले तीन-चार दिवस रडारड होते, आमच्याकडे पण झाली, नंतर लेक ऐकता ऐकता ब्लॉक्स रचायला लागली. यात अजून एक फायदा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वयात दिवसाला तासाभराच्या वर नको, आणि आपला तो तास बहुतेक वेळा गाण्यांच्या व्हिडिओतच संपून जातो. नुसतं ऐकण्याला अशी मर्यादा नाही.

आणि कुठलंही नवीन गाणं मुलांना ऐकवायच्या आधी मी ते एकटीने हेडफोनवर तीनदा ऐकते, भांडी घासताना. पहिल्यांदा सगळंच बरं वाटतं, तिसऱ्यांदा खरं कळतं. तबला हाताने वाजवलेला आहे की मशीनचा, गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो का, शब्द स्वच्छ लागतात का, आणि मुख्य म्हणजे वाद्यं सगळी काढून टाकली तर ती चाल नुसती गुणगुणता येईल का. येत नसेल तर ते गाणं आमच्या घरात येत नाही. कारण जे येईल ते निदान शंभर वेळा वाजणार आहे हे धरूनच चालायचं.

जुनं गाणं म्हणून त्याची नक्कल लावणं

ही चूक कळायला मला फार वेळ लागला. 'नाच रे मोरा' शोधलं की पन्नास व्हर्जन्स येतात आणि आपण पहिलं लावतो. मूळ गाणं १९५३ च्या 'देवबाप्पा' चित्रपटातलं, शब्द गदिमांचे, चाल पु. ल. देशपांडे यांची, आणि गायलंय आशाताईंनी, तेव्हा त्या विशीच्या आसपास होत्या. ते मूळ रेकॉर्डिंग आणि कुठलंही ॲनिमेशनवालं व्हर्जन एकापाठोपाठ एक ऐकून बघाच. शब्द तेच, चाल तीच, पण नकलेत ठेका सपाट होतो आणि आवाजातला खट्याळपणा जातो. मूळ गाण्यात ओळ जिथे 'नाच' वर येऊन थांबते तिथे आवाजालाच अशी उडी आहे की मूल बरोबर त्याच जागी उडी मारतं, कोणी शिकवावं लागत नाही. आमची लेक सोफ्यावरून मारायची, नकलेवर नाही मारायची. नऊ-दहा वेळा बघितल्यावर माझी खात्री पटली की मुलांचा कान आपल्याइतकाच, कदाचित जास्तच चांगला असतो.

तर शोधताना नुसतं गाण्याचं नाव टाकू नका, सोबत गायिकेचं किंवा संगीतकाराचं नाव टाका. 'आठवणीतली गाणी' या साईटवर गीतकार, संगीतकार, गायक सगळं नीट दिलेलं सापडतं, तिथे नावं बघायची आणि मग ते रेकॉर्डिंग शोधायचं. 'सांग सांग भोलानाथ' असंच, पाडगांवकरांचे शब्द, मीना खडीकरांची चाल आणि लहान मुलांचेच खरे आवाज. त्यात सगळे प्रश्नच प्रश्न आहेत, त्यामुळे घरात एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने मान हलवायची असा खेळ आपोआप सुरू होतो. पावसाळ्यात शाळेला सुट्टी मिळेल का हा प्रश्न आठ वर्षांच्या मुलाला जितका जवळचा तितकाच ऑफिसला निघालेल्या बाबाला.

जुनंच चांगलं असं मात्र मी म्हणत नाहीये. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचं 'अग्गोबाई ढग्गोबाई' तर आपल्या डोळ्यांसमोर आलंय, आणि त्यातल्या शब्दांची गंमत मोठ्यांना जास्त कळते असंच मला वाटतं. हिंदीतलं 'लकडी की काठी' घ्या, १९८३ चं, गुलजार आणि आर. डी. बर्मन, ते कारमध्ये लागलं की मागच्या सीटवरची मुलं आणि पुढच्या सीटवरचे आईबाबा एकाच वेळी घोड्यावर बसतात.

मुलांवरचं गाणं आणि मुलांचं गाणं यात गल्लत

हे जरा नीट सांगते. काही गाणी मुलांबद्दल असतात पण मुलांसाठी नसतात. 'दमलेल्या बाबाची कहाणी' हे त्यातलं. उशिरा घरी येणाऱ्या बापाचं मन आहे त्यात, आपल्या डोळ्यांत पाणी येतं, म्हणून आपण हौसेने ते मुलाला लावतो आणि मूल आपल्या तोंडाकडे बघत बसतं की आई का रडतेय. माझ्या लेकीने तर घाबरून बंद करायला लावलं. ते गाणं मुलं झोपल्यावर आपलं आपण ऐकावं.

उलट काही गाणी दोन्हीकडे पोचतात आणि शोधायची असतात ती हीच. 'निंबोणीच्या झाडामागे' मी माझ्या मोठ्या मुलासाठी दोन वर्षं रोज रात्री लावलं असेल, सुमन कल्याणपूरांचा आवाज, मधुसूदन कालेलकरांचे शब्द, १९७७ चा चित्रपट. मुलासाठी त्यात चंद्र आहे, झाड आहे, झोप आहे, बास. आणि एका रात्री, तो झोपल्यावर गाणं बंद करायला हात पुढे केला आणि पुढच्या कडव्याकडे पहिल्यांदा नीट लक्ष गेलं, जिथे ती गाणारी म्हणते की मी देवकी नाही, माझ्या नशिबी यशोदेचं भाग्य आहे. म्हणजे ही जन्मदात्री आईच नाहीये! दुसऱ्याच्या बाळाला आपलं करून झोपवणारी बाई आहे ती. अंधारात तशीच बसून राहिले मी. इतकी वर्षं ऐकलेलं गाणं, आणि ते कडवं जणू आपण आई होईपर्यंत थांबून राहिलं होतं. तेव्हापासून बालगीत निवडताना मी शेवटचं कडवं आवर्जून ऐकते. पहिल्या कडव्यात मुलाचं काम झालेलं असतं, आपल्यासाठी काय आहे ते बरेचदा शेवटी असतं.

'पुन्हा पुन्हा' म्हणणाऱ्या मुलाशी भांडणं

मूल एकच गाणं वीस वेळा मागतं तेव्हा ते हट्ट करत नसतं, शिकत असतं. पहिल्यांदा ठेका पकडतं, मग शेवटचे शब्द, मग मधले, आणि पुढे काय येणार हे आधीच माहीत असण्यात त्याला केवढी मजा वाटते ते चेहऱ्यावर दिसतं. त्यामुळे ते थांबवायला जाऊ नका. आपला कंटाळा घालवायचा असेल तर तेच गाणं दर वेळी वेगळं करा. एकदा स्पीकरवर, एकदा नुसत्या टाळ्यांवर, एकदा डब्यावर ठेका धरून, एकदा अगदी कुजबुजत. मोराच्या जागी घरातल्या कोणाचं तरी नाव घाला. आमच्याकडे आजोबा नाचले, सासूबाई नाचल्या, कुकर पण नाचला, आणि माझा कंटाळा तिथेच संपला.

नवीन गाणं लावलं की मूल रडत असेल तर ते नवीन गाणं सरळ त्याला 'हे ऐक' म्हणून देऊच नका. तुम्ही भाजी निवडताना स्वतःसाठी म्हणून लावा, चार-पाच दिवस, हळू आवाजात. सहाव्या दिवशी मूलच विचारतं की ते गाणं कुठंय.

बालगीत हा शिक्का असल्याशिवाय न ऐकवणं, किंवा उलट, चांगलं संगीत म्हणून बळजबरीने बसवणं

या दोन्ही टोकांना मी लोक बघितलेत. एकनाथांचं 'विंचू चावला' हे भारूड बालगीत नाही, त्यात काम क्रोधाचा विंचू आहे, पण पाच वर्षांच्या मुलांसमोर लावून बघा, घरभर ओरडत पळतात आणि मोठ्यांनाही अर्थाचं काहीतरी मिळतं. कोळीगीतं, वासुदेवाची गाणी, पोवाड्याचा डफ, तबल्याचे नुसते तोंडाने म्हटलेले बोल, हे सगळं चालतं.

पण म्हणून चाळीस मिनिटांचा विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतला ख्याल लावून मुलाला मांडी घालून बसवू नका. आमच्या ओळखीतल्या एका घरात असं झालंय, मुलगा आता तानपुरा ऐकला तरी उठून जातो, वाईट वाटतं. शास्त्रीयच द्यायचं तर द्रुत, म्हणजे जलद लयीतला तराणा द्या, पाच-सात मिनिटं, आणि मूल उठून गेलं तर जाऊ द्या, तुम्ही ऐकत राहा.

वाद्यं ओळखायला लावायची असतील तर प्रोकोफिएव्हचं 'पीटर अँड द वुल्फ' मी मनापासून सुचवेन. रशियन संगीतकार, १९३६ ची रचना, मुद्दाम मुलांसाठी केलेली. गोष्ट निवेदक सांगतो आणि प्रत्येक पात्राचं वाद्य ठरलेलं आहे, पक्षी म्हणजे बासरी, बदक म्हणजे ओबो, मांजर म्हणजे क्लॅरिनेट, आजोबा म्हणजे बॅसून नावाचं वाद्य आणि लांडगा म्हणजे तीन फ्रेंच हॉर्न. साधारण अर्ध्या तासाचं आहे. इंग्रजी निवेदन लहान मुलांना झेपत नाही म्हणून मी मधे मधे पॉज करून मराठीत सांगते, आणि आता हॉर्न वाजले की लेक उशीखाली जाते. ऑर्केस्ट्रातलं मला स्वतःला काही कळत नव्हतं, ओबो कसा वाजतो ते मी तिच्याबरोबरच शिकले.

'माझा आवाज चांगला नाही' म्हणून न गाणं

असं करू नका, प्लीज. मुलाला तुमचा आवाज हवा असतो, चांगला आवाज नाही. बहुतेकांची अडचण आवाजाची नसून पट्टीची असते, म्हणजे गाणं किती उंच किंवा खालच्या सुरात सुरू करतो त्याची. बाबा पेटीच्या काळी एक पट्टीत सुरू करतात, लहान मुलांना ते फार खाली पडतं, मग ती पुटपुटतात किंवा गप्प बसतात आणि आपल्याला वाटतं याला गाण्यात रस नाही. मुलाला आधी सुरू करू द्या, ते जिथून उचलेल तिथून आपण धरायचं, पुरुषांनी तोच सूर खालच्या सप्तकात गायचा. आमच्याकडे एवढ्या एका बदलाने मुलगा गायला लागला, आठव्या वर्षी.

अंगाईच्या वेळी तर स्पीकर बंदच ठेवा. थोपटण्याचा वेग हाच ठेका, मूल पेंगायला लागलं की थोपटणं हळू करायचं आणि गाणं त्याच्या मागे मागे हळू होत जातं, हे कुठल्याच रेकॉर्डिंगला जमणार नाही.

बाकी छोट्या छोट्या अडचणी

मुलांच्या गाण्यांमुळे तुमच्या स्पॉटिफायवर सगळी तीच गाणी सुचवली जात असतील तर मुलांची प्लेलिस्ट वेगळी करा आणि तिच्या मेनूत 'एक्सक्लूड फ्रॉम युवर टेस्ट प्रोफाइल' आहे ते दाबा. यूट्यूबवर ऑटोप्ले बंद ठेवा, नाहीतर तीन चांगल्या गाण्यांनंतर चौथं काय येईल ते आपल्या हातात राहत नाही.

मुलांना हेडफोन देत असाल तर आवाजाकडे लक्ष असू द्या. मुलांसाठी आठवड्याला चाळीस तास आणि ७५ डेसिबलपर्यंत अशी मर्यादा सांगितली जाते, मोठ्यांना ८० चालतं. मी सोपं करते, तिच्या कानात हेडफोन असताना मी साध्या आवाजात हाक मारते, तिने वळून बघितलं तर ठीक.

परदेशात राहणाऱ्या माझ्या बहिणीची तक्रार असते की मुलं मराठी गाणी ऐकतात पण शब्द कळत नाहीत. तिला मी सांगते, अर्थ समजावत बसू नकोस, आजीला फोनवर तेच गाणं म्हणायला सांग, आजी हातवारे करते, त्यातून मोर, ढग, पाऊस सगळं कळतं.

आणि कारमधलं भांडण. मुलगा आठचा, लेक चारची, दोघांना वेगळं हवं आणि नवऱ्याला बातम्या. आम्ही पाळी लावली, प्रत्येकाचं एक गाणं, आईबाबांचं पण, आणि दुसऱ्याचं चालू असताना नाक मुरडायचं नाही. पुण्याहून कोल्हापूरला जाताना साताऱ्यापर्यंत माझ्या पाळीला मी जुनी भावगीतं लावली होती, परत येताना लेकीने स्वतःच्या पाळीत विचारलं, आई तुझं ते मगाचचं लाव ना.