नवीन फिटनेस अ‍ॅपमध्ये जुन्या नोंदी नेताय? आधी या चुका टाळा

आमच्या जिममध्ये कुणाचंही अ‍ॅप बिघडलं की माझ्याकडे पाठवतात. मी काही कॉम्प्युटरवाला नाही, बँकेत क्लार्क आहे, पण एक्सेल येतं एवढं कुणाला तरी कळलं आणि संपलं. जानेवारीत तर रांग लागते, नवीन वर्ष नवीन अ‍ॅप, आणि प्रत्येकजण तीच चूक करून येतो आणि वर म्हणतो दादा दोन मिनिटांचं काम आहे. दोन मिनिटांत बिघडलेलं निस्तरायला माझा रविवार जातो म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पहिली गोष्ट, सिंक म्हणजे स्थलांतर नव्हे. अँड्रॉइडवर हेल्थ कनेक्ट असतं (वेगवेगळ्या अ‍ॅपांना एकमेकांच्या आरोग्याच्या नोंदी देणारी सोय, अँड्रॉइड 14 पासून फोनमध्येच आहे), त्यातून नव्या अ‍ॅपला परवानगी दिली की लोकांना वाटतं सगळं आलं. येत नाही. परवानगी दिलीत त्याच्या मागचे फक्त 30 दिवस वाचता येतात, त्याहून जुनं हवं तर त्या अ‍ॅपने वेगळी परवानगी मागावी लागते आणि सगळी अ‍ॅपं ती मागत नाहीत. मग महिन्याभराचा आलेख बघून खूश होतात, जुनं अ‍ॅप उडवतात, आणि मार्चमध्ये मला विचारतात की माझी तीन वर्षं कुठे गेली. आयफोनवाल्यांचं वेगळं दुखणं, हेल्थ अ‍ॅपमधून सगळा डेटा एक्स्पोर्ट केला की झिप मिळते, त्यात भलीमोठी एक्सएमएल फाइल असते, पण ती परत हेल्थमध्ये घालायची सोय अ‍ॅपलने दिलेलीच नाही. ती फाइल म्हणजे पावती समजा, चावी नाही.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो, कारण ही चूक अजून कुणी सांगताना मी ऐकलेलं नाही.

मी पहाटेचा माणूस, पाच-सव्वापाचला जिममध्ये, सोमवार बुधवार शुक्रवार वजनं, बाकी दिवस चालणं. जुन्या अ‍ॅपमधून सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडते ती साध्या रकान्यांची फाइल) काढली, नव्यात घातली, शून्य एरर, हिरवी बरोबरची खूण, मी खूश. त्या अ‍ॅपमध्ये एक छान आलेख होता, व्यायामाच्या दिवशी किती खाता आणि सुट्टीच्या दिवशी किती. माझा आलेख म्हणत होता की मी सुट्टीच्या दिवशी जास्त खातो. मी त्यावर सिद्धांत मांडला! व्यायामाने भूक मरते, शरीर दुसऱ्या दिवशी वसूल करतं वगैरे, दोन महिने जिममधल्या पोरांना ऐकवत होतो आणि ती बिचारी माना डोलवत होती. मग एकदा सहज कॅलेंडर उघडलं तर रविवारी स्क्वॉट्स. आमची जिम रविवारी बंद असते.

झालं असं होतं की जुनं अ‍ॅप एक्स्पोर्ट करताना वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहायचं, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. सोमवारी पहाटे 5:10 ला सुरू केलेला व्यायाम फाइलमध्ये रविवार रात्री 11:40 चा. नव्या अ‍ॅपने ते जसंच्या तसं घेतलं. आणि जेवणाच्या नोंदींना नुसती तारीख असते, वेळ नसते, त्यामुळे जेवण जागेवर राहिलं आणि व्यायाम एक दिवस मागे सरकला. अजून गंमत म्हणजे पावसाळ्यात ज्या दिवशी मी आळस करून 5:30 नंतर पोचलो त्या दिवसांच्या नोंदी बरोबर होत्या, त्यामुळे सगळंच सरकलंय असंही दिसत नव्हतं, अधूनमधून एखादा दिवस नीट, म्हणून शंका येईना. संध्याकाळी जाणाऱ्यांना हे कधीच कळणार नाही, त्यांची वेळ चुकली तरी तारीख तीच राहते. नाइट शिफ्टवाले आणि पहाटवाले मात्र मरतात.

उपाय म्हणाल तर फाइल उघडून सुरुवातीच्या वेळेचा रकाना बघायचा. तुम्हाला आठवत असलेला एक व्यायाम शोधा, वेळ साडेपाच तास मागे दिसली, किंवा वेळेच्या शेवटी झेड असलं, तर ती यूटीसी. मग फाइलच्या कॉपीमध्ये (कॉपीमध्ये!) त्या रकान्यातलं झेड काढून साडेपाच तास मिळवायचे, तारीख आपोआप पुढे जाते, आणि मग आयात. काही अ‍ॅपं आयात करताना टाइमझोन विचारतात आणि यूटीसीवरून वेळ स्वतःच बदलतात, तिथे भारत निवडलात आणि फाइलमध्येही साडेपाच तास मिळवले तर काय होईल ते सांगायला नको. मी आयात झाल्यावर आता फक्त एकच गोष्ट बघतो, रविवारी वजनं दिसतायत का.

एक्सेलचा विषय निघालाच आहे तर, सीएसव्हीवर डबल क्लिक करून उघडू नका आणि उघडलीत तर सेव्ह करू नका. रेप्सच्या (एका दमात किती वेळा उचललं त्याच्या) रकान्यात 8-10 लिहिलेलं असेल तर एक्सेल त्याची 8 ऑक्टोबर करून ठेवतं, आणि वर ‘भाजणी थालीपीठ’ लिहिलेल्या जागी चिनी-रोमन खिचडी दिसते. डेटा मेनूतून फाइल आत घ्या, यूटीएफ-8 निवडा, रकाने टेक्स्ट ठेवा. वेळ लागतो, लागू दे.

तारखेचा क्रम: अमेरिकन अ‍ॅप महिना आधी धरतं, त्यामुळे 3/4 म्हणजे 3 एप्रिल की 4 मार्च हे ते स्वतःच ठरवतं. 13 तारखेपासून पुढच्या ओळी एरर देतात, 1 ते 12 गुपचूप चुकीच्या महिन्यात जाऊन बसतात. ‘बऱ्याच ओळी नाही आल्या’ असं कुणी म्हणालं की मी आधी हेच बघतो.

पाउंड-किलो: 135 पाउंडची बेंच म्हणजे 61 किलो, 135 किलो नव्हे. रेकॉर्ड झाला म्हणून स्टेटस टाकण्याआधी एकदा बघा.

डंबेलचं वजन एका हाताचं की दोन्हीचं, बारचे 20 किलो धरलेत की नाही, हे जुन्या आणि नव्या अ‍ॅपमध्ये वेगळं असू शकतं. माझ्या मते एका हाताचं लिहा आणि विषय संपवा.

आता दुसरं मोठं दुखणं, जेवण. व्यायामाच्या नोंदी तरी आकडे असतात, जेवणाच्या नोंदी म्हणजे नावं, आणि नवं अ‍ॅप त्या नावाला आपल्या यादीतलं जवळचं नाव चिकटवून मोकळं होतं. आमच्यातला एक पोरगा, इंजिनिअरिंगचा, घरचा डबा खाणारा, एक दिवस म्हणाला दादा मी भात सोडला. का रे? तर म्हणे एका वाटीत पावणेसातशे कॅलरी आहेत. फोन बघितला तर त्याच्या ‘भात 1 वाटी’चं नव्या अ‍ॅपने ‘तांदूळ, कच्चा, 1 कप’ करून ठेवलं होतं. कच्च्या तांदळाचा अमेरिकन कप म्हणजे साधारण 185 ग्रॅम, 675 कॅलरी, हिशोब बरोबरच आहे, फक्त तो कच्चा तांदूळ कुणी खात नाही. शिजलेल्या भाताचा तोच कप 205 कॅलरींच्या आसपास, आणि त्याच्या डब्यातली वाटी तर त्या कपाच्या निम्मी असेल. तीन आठवडे बिचारा वरण नुसतं पीत होता, आई काळजीत की पोराला झालंय काय. आणि हा पोरगा दिवसभर कोडिंग करतो.

म्हणून जेवणाची जुनी नोंद सगळीच्या सगळी नेऊ नका असं माझं स्पष्ट मत. दोन वर्षांपूर्वीच्या मंगळवारी दुपारी काय खाल्लं याचं आता काय करणार आहात? मी वजनाच्या आणि व्यायामाच्या नोंदी नेतो, जेवणातलं फक्त दिवसाच्या एकूण कॅलरी आणि प्रोटीन एका शीटमध्ये ठेवतो, आणि रोजचे पंधरा-वीस पदार्थ नव्या अ‍ॅपमध्ये हाताने करतो. हाताने! एक संध्याकाळ जाते. तसेही स्वतः बनवलेले पदार्थ आणि रेसिपी बऱ्याच अ‍ॅपांच्या एक्स्पोर्टमध्ये येत नाहीत, नुसती नावं येतात. घरची वाटी एकदा काट्यावर ठेवून भात मोजा, तो आकडा ग्रॅममध्ये टाका, ‘वाटी’ हा शब्द अ‍ॅपला सांगूच नका. भाकरी मी पिठावर मोजतो, 60 ग्रॅम ज्वारीचं पीठ म्हणजे सुमारे 200 कॅलरी, भाकरी लहान थापली काय मोठी काय.

आकडे घ्यायला हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे अन्नघटक तक्ते चांगले, 528 पदार्थ आहेत, पण त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे. ज्वारीसमोर 1400 च्या आसपास आकडा बघून घाबरू नका, 4.184 ने भागा, 100 ग्रॅमला 335 कॅलरी येतात. न भागता टाकलेलेही मला भेटलेत.

बाकी किरकोळ. घड्याळ, फोन आणि आयात केलेली फाइल तिघांनी एकच धावणं पाठवलं की ते तीनदा दिसतं, आयात करताना सिंक बंद ठेवा. स्ट्राव्हावर (धावण्या-सायकलिंगच्या नोंदींचं अ‍ॅप) फाइली हाताने चढवताना एका वेळी 25 च जातात, धीर धरा. ‘बेंच प्रेस’ आणि ‘बारबेल बेंच प्रेस’ ही दोन नावं नव्या अ‍ॅपला दोन व्यायाम वाटतात आणि तुमचा रेकॉर्ड दोन तुकड्यांत जातो, फाइलमध्येच नावं एकसारखी करून घ्या.

अ‍ॅप डिलीट केलं म्हणजे सबस्क्रिप्शन थांबत नाही, ते प्ले स्टोअरमध्ये जाऊन बंद करावं लागतं. पण आधी एक्स्पोर्ट, मग बंद, कारण काही अ‍ॅपांत एक्स्पोर्ट फक्त पैसे भरणाऱ्यांनाच मिळतो आणि मग एका फाइलसाठी परत महिन्याचे पैसे भरा.

माझी पद्धत विचाराल तर मूळ फाइल ड्राइव्हवर टाकतो आणि तिला हात लावत नाही. कॉपीतले फक्त दहा दिवस आधी नव्या अ‍ॅपमध्ये घालतो, त्यात एक रविवार आलाच पाहिजे. ते डोळ्यांनी तपासतो, नीट असेल तरच बाकीचं. जुनं अ‍ॅप दोन महिने फोनवर राहू देतो. यावर पोरं म्हणतात दादा एवढा वेळ कुणाकडे आहे, आणि मग रविवारी सकाळी साडेनऊला फोन करतात.