चेसीला कोटिंग करताय? आधी भोकं मोजा

येत्या डिसेंबरात माझ्या पिकअपच्या चेसीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, गंजाविरुद्ध पुन्हा कोटिंग करायचं आहे. मागच्या वेळची चूक परत व्हायला नको, म्हणून हे लिहून काढतोय. गाडीने मासळी ओढणाऱ्या सगळ्यांनीच वाचावं. मागच्या वेळी मी मे महिन्यात चेसीला जाड काळं कोटिंग मारून घेतलं आणि निर्धास्त झालो. खालून गाडी नवीकोरी दिसायची. तीन पावसाळे गेले, आणि एक दिवस मागच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) हँगरजवळ फिटरने हातोडी मारली ती सरळ आत गेली. वरचा काळा थर शाबूत, आतलं लोखंड पापुद्र्यासारखं. गंज बाहेरून आलाच नव्हता. चेसीच्या पेटीत, म्हणजे तिच्या पोकळ दांड्यांत, शिरलेलं पाणी निघून जावं म्हणून तळाला भोकं ठेवलेली असतात. ती सगळी कोटिंगखाली बुजली होती.

म्हणून पहिलं काम हेच. गाडी धुवायच्याही आधी बॅटरी घेऊन खाली झोपा आणि भोकं मोजा. खडूने खूण करा, कागदावर चेसी काढून प्रत्येकाची जागा मांडा, फोटो घ्या. माझ्या गाडीला दोन्ही बाजू मिळून २२ निघाली. त्यातली काही चिखलाने आधीच बंद होती, ती तार घालून मोकळी केल्यावरच सापडली. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून भरून आंबा घाट चढेपर्यंत क्रेटमधला बर्फ वितळतच असतो. ते खारं पाणी हौद्याच्या फटींतून चेसीवर पडतं आणि वरच्या बोल्टांच्या भोकांतून आत जातं. आत जायला वाट आहे, बाहेर यायला नाही, तर मीठ तिथेच बसणार. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे पाऊस संपला तरी पेटी आतून सुकतच नाही.

आता दिवस कुठले धरायचे ते. मृगाच्या आधी घाईघाईत करू नका. मे महिन्यात आमच्याकडची हवा घामेजलेली असते, पत्र्यावर न दिसणारी ओल असते आणि रंग त्या ओलीवर बसतो. डिसेंबर ते फेब्रुवारी बरा. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर डबा उघडूच नका, आणि लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते) निदान ३ अंश वर हवं. मोजायला काही नसेल तर सकाळी दहाच्या आत सुरुवात नको आणि उन्हं कलल्यावर नवा हात नको.

धुताना गोडं पाणी. खाडीकाठच्या बोअरचं मचूळ पाणी चालणार नाही, त्याने मीठ धुण्याऐवजी आणखी चढतं. मीठ रंगाखाली राहिलं की ते थरातूनही पाणी खेचतं आणि फोड येतात. प्रेशरने बाहेरून धुवा, मग नळी आत घालून आतून धुवा. खालच्या भोकांतून स्वच्छ पाणी पडायला लागेपर्यंत थांबू नका. एखाद्या भोकातून पाणी येत नसेल तर ते बंद आहे, तार घाला. मग कॉम्प्रेसरची हवा मारा आणि दोन दिवस सुकू द्या. गॅरेजवाला म्हणेल, संध्याकाळी रंग मारू. नाही म्हणा.

सुकल्यावर हातोडीने सगळी चेसी वाजवून बघा. खणखणीत वाजली तर ठीक. बद्द आवाज आला की रंगाचा विषय बंद, आधी जाणत्या वेल्डरकडे जा आणि वेल्डिंगला लावण्यापूर्वी बॅटरीची वायर काढा. तिथे पुट्टी भरून रंग मारून देतो असं कोणी सांगितलं तर गाडी तिथून उचला. भरलेल्या गाडीने घाटात ब्रेक मारल्यावर पुट्टी काय धरणार?

गंजाचे पोपडे खरवडून काढा, मग ग्राइंडरला तारेचा ब्रश लावा. चष्मा आणि मास्क हवाच, घोड्याही (गाडीला खालून टेकू द्यायचे स्टँड). नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. ठिणग्या डिझेलच्या टाकीकडे जाता कामा नयेत. नंतर थिनरने पुसा. डिझेलने पुसू नका, त्याचा तेलकट थर राहतो. खड्ड्यांत घट्ट बसलेला गंज राहिलाच तर तेवढ्यापुरता रस्ट कन्व्हर्टर (गंजावर लावायचं रसायन) लावा. त्यातल्या आम्लाने गंज काळा पडून स्थिर होतो. पण त्यावर झिंक प्रायमर, म्हणजे जस्ताची पूड असलेला पहिला थर, मारू नका. जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवतं, त्यासाठी ते उघड्या लोखंडाला भिडायला हवं. कन्व्हर्टर लावलेल्या जागी एपॉक्सी प्रायमरच. आणि जळकं ऑइल अजिबात नको. रबरी बुश फुगतात, ते ऑइल पावसात धुऊन जमिनीत जातं, आणि पुढच्या खेपेला त्या चेसीवर कुठलाच रंग धरत नाही.

झाकायच्या वस्तू: ब्रेकचे पाइप, डिस्क, सायलेन्सर, ग्रीसचे निपल, अर्थिंगची जागा, रबर. चेसी नंबर विसरू नका. पासिंगला तो वाचता आला पाहिजे. त्यावर ग्राइंडर नको, जाड रंग नको. आणि भोकं! प्रत्येकात कापडाची गुंडाळी किंवा लाकडी खुंटी घाला आणि तिला लाल दोरी बांधा, म्हणजे रंग झाल्यावरही ती लोंबताना दिसेल. २२ भोकं, २२ दोऱ्या. रंगाऱ्याला हे तोंडाने सांगून भागत नाही, मी मागे तेवढंच केलं होतं. स्वतः उभे राहा.

रंगाचं थोडक्यात. वेल्डिंगचे सांधे, कडा आणि बोल्ट यांना आधी ब्रशने एक हात, कारण कडेवरून रंग ओढला जाऊन तिथेच पातळ राहतो. मग एपॉक्सीचे दोन हात. एपॉक्सीत मिसळायचं हार्डनर (रंग घट्ट करणारं द्रव) डब्यावरच्या मापानेच, आणि तासाभरात संपेल तेवढंच कालवा. दोन हातांमधलं अंतर डब्यावर दिलंय त्याहून जास्त झालं तर पॉलिश पेपर मारल्याशिवाय पुढचा हात चिकटत नाही. उन्हात राहणाऱ्या भागावर वरून पीयू (पॉलियुरेथेन) रंग, नाहीतर एपॉक्सी उन्हाने खडूसारखी भुकटी सोडते.

सगळं वाळलं की खुंट्या काढा. दोऱ्या मोजा. मग लांब नळीच्या नोझलने पेटीच्या आत गंज रोखणारं पातळ मेण फवारा. ते चिकट राहतं, फटींत शिरतं. मात्र त्याच मेणाने भोकं पुन्हा बुजतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी सगळ्यांतून तार फिरवा. वरून तांब्याभर पाणी ओता आणि खाली पडतं का बघा.

पावसाळ्याच्या मध्यावर एकदा आणि संपल्यावर एकदा तार. भोकांचा कागद गाडीच्या कागदपत्रांतच ठेवा, ड्रायव्हर बदलला तरी त्याच्या हाताला लागेल.