रविवार सकाळचा कॅम्पस रेडिओ शो कसा करावा

रविवारी सकाळी आठचा स्लॉट कुणालाच नको असतो, म्हणून तो बहुधा नव्या मुलांच्या गळ्यात पडतो. माझ्या मते आठवड्यातला सगळ्यात चांगला स्लॉट तोच. ऐकणारा कपडे भिजवतोय, खोली झाडतोय किंवा स्पर्धा परीक्षेचं केंद्र गाठायला निघालाय. त्याचं अर्धंच लक्ष आपल्याकडे आहे, हे धरूनच शो बांधायचा.

१. काय बोलता येतं ते पाहा

आपल्याकडे विद्यापीठांची केंद्रं कम्युनिटी रेडिओच्या, म्हणजे आसपासच्या लोकांसाठीच्या छोट्या केंद्राच्या, परवान्यावर चालतात. चेन्नईचं अण्णा एफएम २००४ मध्ये सुरू झालं. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४ वर लागते. प्रसारणाची ताकद १०० वॉटच्या आसपास, त्यामुळे आवाज काही किलोमीटरच जातो. स्वतः तयार केलेल्या बातम्या देता येत नाहीत. पण हवामान, वाहतूक, पाणी-वीज, परीक्षा, प्रवेश, खेळ, गावातले कार्यक्रम हे सगळं चालतं. आज मेसमध्ये फीस्ट आहे आणि रात्री मेस बंद, ही माहिती कुठलं मोठं स्टेशन देणार?

२. शुक्रवारी क्यू शीट लिहा

तासाभराच्या शोमध्ये नऊ-दहा गाणी बसतात. उरलेली पंधरा-वीस मिनिटं बोलणं, जिंगल आणि घोषणांची. कागदावर मिनिटाप्रमाणे रकाने आखा, हीच क्यू शीट: गाण्याचं नाव, लांबी, पुढचं बोलणं. दोन गाणी जादा ठेवा. पाहुणा उशिरा आला, फोन लागला नाही, तर तीच कामाला येतात.

३. लिंक लिहा, पण वाचू नका

दोन गाण्यांमधलं बोलणं म्हणजे लिंक. खरा शो इथेच घडतो आणि बहुतेकांचा बिघडतोही इथेच. बेताने बोललं तर मिनिटाला सव्वाशेच्या आसपास शब्द होतात, आणि एका लिंकला मिनिटभर पुष्कळ झालं. एका लिंकमध्ये एकच गोष्ट. पहिलं आणि शेवटचं वाक्य पूर्ण लिहा, मधले फक्त मुद्दे. शेवट ठरलेला नसेल तर माणूस “तर मित्रांनो, अशा प्रकारे...” करत घुटमळतो आणि गाणं वाट बघत राहतं.

“नमस्कार श्रोतेहो” म्हणण्यात गैर काही नाही, पण पुढे एकाच माणसाशी बोला. “तुम्ही सगळे कसे आहात?” याला उत्तर कोण देणार? “छत्री घेऊन निघा, सकाळपासून भुरभुर चालू आहे” हे ऐकणाऱ्याला थेट पोचतं. मात्र त्याआधी खिडकीबाहेर खरंच बघा. आणि शहरी एफएमच्या निवेदकांची ती धावती, इंग्रजीमिश्रित लय उसनी आणू नका. तुमची बोली सोलापुरी असेल तर सोलापुरीच ऐकू द्या. कम्युनिटी रेडिओ असतो तो त्यासाठीच.

४. अर्धा तास आधी पोचा

गाण्यांच्या फाइल उघडतात का, आवाजाची पातळी सारखी आहे का, ते हेडफोन लावून तपासा. माइक तोंडापासून साधारण वीतभर लांब आणि किंचित बाजूला ठेवा, म्हणजे ‘फ’ आणि ‘भ’ची फुंकर थेट त्यात जात नाही. माइक सुरू असताना स्टुडिओतला स्पीकर बंदच हवा, नाहीतर शिट्टी घुमते. कोमट पाणी जवळ ठेवा. पोहे शो झाल्यावर.

५. ऑन एअर

फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती खुंटी, वर न्यायच्या आधी एक श्वास घ्या. दर काही लिंकनंतर स्टेशनचं नाव आणि वेळ सांगा. रविवारी माणसं अधूनमधूनच रेडिओ लावतात. चूक झाली तर एकदा दुरुस्त करा आणि पुढे व्हा. “सॉरी सॉरी”चा पाढा चुकीपेक्षा जास्त कानात बसतो. गाणं मध्येच थांबलं तर गप्प राहू नका: “गाणं अडलंय, तोवर आजचे कार्यक्रम सांगतो” म्हणा आणि जादा ठेवलेलं गाणं शोधा. श्रोत्याचा फोन घेणार असाल तर आधी ऑफ एअर दोन वाक्यं बोलून घ्या, आणि त्याला घरातला रेडिओ बंद करायला सांगा.

६. निघताना

फेडर खाली, माइक बंद, मगच हुश्श म्हणा. वाजवलेल्या गाण्यांची नोंद रजिस्टरमध्ये करा, रॉयल्टीच्या हिशोबाला लागते. रेकॉर्डिंग तारीख घालून जपा. प्रसारित कार्यक्रम तीन महिने ठेवावेच लागतात. त्यातल्या फक्त लिंक सोमवारी ऐका आणि किती वेळा “म्हणजे” म्हणालात ते मोजा.